रविवारची सुटी : विश्रांतीची की सहवासाची?

देवपूजा, गाणे-बजावणे आणि मित्रमंडळींसमवेत जेवण या तीन गोष्टींना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फारसे स्थान नसते. त्यांचे बाजारमूल्य ठरविणे कठीण असते, हे त्याचे कारण. परंतु सामान्य माणूस आठवड्याचे पाच-सहा दिवस ज्या गोष्टींसाठी राबतो, त्यांची यादी करू गेल्यास या तिन्हींचा क्रमांक बराच वर लागेल. शनिवारी रात्री भजनाला बसावे, रविवारी सकाळी देवदर्शन किंवा चर्चमधील उपासना व्हावी, दुपारी चार घरची माणसे एका पंगतीला यावीत आणि संध्याकाळी एखादी गाण्याची बैठक ऐकावी, एवढीच अनेकांची सुखाची कल्पना असते. ती साधी आहे आणि स्वस्तही आहे. मात्र तिला एक अट आहे, आणि ती पैशाची नाही. या साऱ्या माणसांना एकाच वेळी मोकळीक असली पाहिजे. नेमकी हीच अट पुरी होणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

श्रमणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक दिवस सुटी असावी, हे तत्त्व आता कोणी उघडपणे नाकारीत नाही. प्रश्न उरतो तो निराळाच. ती सुटी कोणत्या वारी मिळते याला काही महत्त्व आहे की नाही? विश्रांती एवढाच सुटीचा हेतू मानला, तर मंगळवारची सुटी आणि रविवारची सुटी यांत फरक करण्याचे कारण नाही. झोप दोन्ही दिवशी सारखीच लागते. पण सुटी ही सहवासासाठीही असते असे मानले, तर इतरांना सुटी नसलेल्या दिवशी मिळालेल्या मोकळिकीची किंमत बरीच कमी होते. कायदा, व्यवस्थापन आणि बाजारपेठ यांनी पहिला अर्थ जवळजवळ स्वीकारून टाकला आहे. दुसऱ्याचा विचार व्हावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

खंडोबाचा वार

मुंबईच्या कामगारांना रविवार आयता मिळाला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि अपघातात जायबंदी होणाऱ्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

या मागणीच्या समर्थनार्थ लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे सांगितले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. तिचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. राज्यकर्त्यांना रविवार पवित्र होता तो ख्रिस्ती धर्मामुळे. घाटावरून आलेल्या कामगाराला तोच दिवस जेजुरीमुळे आणि जोतिबामुळे जवळचा होता. माघातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर पायी जाण्याचे ‘खेटे’ आजही घातले जातात. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी असतात, दिमडी आणि तुणतुणे असते, तळी भरली जाते आणि मग जेवणे होतात. पूजा, गाणे आणि जेवण हे तेथे तीन वेगळे कार्यक्रम नसतात. एकच विधी असतो. एका धर्माचा दिवस दुसऱ्यांनी आपल्या परंपरेत मुळे शोधून आपलासा केला, आणि म्हणून तो सर्वांचा होऊ शकला.

यापूर्वीच्या ग्रामीण व्यवस्थेलाही सामायिक दिवसाचे महत्त्व ठाऊक होते. कित्येक गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवीत नसत. आठवड्याच्या बाजाराचा वार ठरलेला असे, कारण विकणारा आणि विकत घेणारा एकाच दिवशी आल्याखेरीज बाजार भरत नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे त्याचे गोमंतकातील ठळक उदाहरण. मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. देवाला सगळे वार सारखेच. वार ठरवावा लागतो तो माणसांना एकत्र येता यावे म्हणून.

गिरणगावाने काय कमावले?

लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एकेका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने राहत. एक पाळी संपवून येई तेव्हा दुसरा कामावर निघालेला असे. एकाच छताखाली राहणाऱ्या माणसांची आठवडाभर धड गाठ पडत नसे. ती गाठ सुटीच्या दिवशी पडे. त्या एका दिवसाच्या आधाराने गिरणगावात भजनी मंडळे उभी राहिली, शाहिरांची पथके जमली, नाटकांच्या तालमी झाल्या आणि गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा झाली. कोकणातील बुवांच्या डबलबारी भजनांना रात्रभर बसणारा श्रोता मिळाला. या संस्कृतीला कोणी भांडवल पुरविले नव्हते. तिचे भांडवल वेळेचे होते, आणि तो वेळ सर्वांचा एकच होता.

याच वस्तीत जेवणाची व्यवस्था खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया पाहत. त्यांच्या संघटनेतून १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, तेव्हा या श्रमाला प्रथमच काही प्रतिष्ठा व पतपुरवठा मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची घडी विस्कटली. त्या संपाने रोजगार गेला याची चर्चा पुष्कळ झाली. रोजगाराबरोबर लाखो माणसांचे समान वेळापत्रकही गेले, याची नोंद मात्र क्वचितच कोणी घेतली.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा सुटीचा वार म्हणून रूढ झाला. रविवार गेला तरी तेथे सहवास गेला नाही, कारण सगळ्या वस्तीचा गुरुवार एकच होता. शेजारी, नातेवाईक आणि सहकारी एकाच दिवशी मोकळे असत. अडचण उरली ती मुलांच्या शाळेची. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रविवार या नावात जादू नाही. जी काही जादू आहे ती सामायिकतेत आहे.

कायद्याची बदलती भाषा

१९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. म्हणजे सुटी माणसाची होती तशी दुकानाचीही होती. मालक, गुमास्ता आणि हमाल एकाच दिवशी घरी असत. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हा सुटीचा दिवस धरला आणि बदली सुटीची सोय अपवाद म्हणून ठेवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या अधिनियमाने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्यास मुभा दिली. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळाली पाहिजे, ही तरतूद कायम राहिली. पण दुकानाची सुटी संपली. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम देऊ नये, अशा स्वरूपाची भाषा आहे. हक्क कमी झाला असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र तो हक्क समूहाचा होता, तो एकेकट्याचा झाला.

याच्या नेमके उलट चित्र समाजाच्या दुसऱ्या थरात दिसते. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. म्हणजे ज्यांचा रविवार सुरक्षित होता, त्यांना शनिवारही मिळाला; आणि ज्यांचा रविवार डळमळीत होता, त्यांचा तोही गेला. शनिवार-रविवारी पहिला वर्ग उपाहारगृहात जेवतो, मोठ्या दुकानात खरेदी करतो, घरपोच पदार्थ मागवितो. दुसरा वर्ग ते वाढतो, विकतो आणि पोचवितो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख माणसे अशा ‘गिग’ कामावर होती आणि २०२९-३० पर्यंत ती संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. त्यांतील वाहनांवरून पदार्थ पोचविणाऱ्यांना कायद्याने सुटीचा दिवस नेमून दिलेला नसतो. ते हवे तेव्हा काम थांबवू शकतात, असे सांगितले जाते. परंतु गर्दीच्या वेळी काम करणाऱ्यालाच जादा मोबदला, अशी रचना असली म्हणजे रविवारची सुटी ही सर्वांत महागडी सुटी ठरते.

एक साधे गणित

सुटी विखुरली म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी एक सोपे उदाहरण पुरेसे आहे. सात वारांपैकी कोणत्याही एका वारी सुटी मिळते आणि ती ज्याची त्याची स्वतंत्रपणे ठरते, असे समजू. पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर त्यांची सुटी एकाच वारी येण्याची शक्यता सातात एक. मिळवत्या मुलासह तिघांची एकोणपन्नासात एक. सहा जणांचे भजनी मंडळ असेल, तर सर्वांची सुटी एका वारी येण्याची शक्यता १६,८०७ मध्ये एक! प्रत्यक्षात वेळापत्रके इतकी स्वैर नसतात, हे खरे. पण दिशा हीच आहे. प्रत्येकाच्या पदरात आठवड्याला एक दिवस पुरेपूर पडतो, आणि तरीही मंडळाच्या वाट्याला एकही दिवस येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा पूरक घटकांचा प्रश्न आहे. पखवाजाशिवाय भजन उभे राहत नाही. झांज आहे पण बुवा नाहीत, बुवा आहेत पण मागून धरणारे कोणी नाही, अशा स्थितीत आलेल्या माणसांचा वेळही वाया जातो. चर्चमधील गायनवृंदाची गत वेगळी नाही. चार स्वरांपैकी एक स्वर हॉटेलात रविवारच्या पाळीवर असेल, तर उरलेले तिघे मिळून ती जागा भरून काढू शकत नाहीत. वसईत आणि गोव्यात ज्या कुटुंबांचा रविवार पिढ्यान् पिढ्या चर्चमधील प्रार्थनेने सुरू होऊन दुपारच्या एकत्र जेवणाने पुरा होत आला, त्यांतील पर्यटन व्यवसायात शिरलेल्या तरुणांना हाच दिवस सर्वाधिक कामाचा असतो.

ज्या गोष्टीला वेळ मिळत नाही, तिची जागा बाजार भरून काढतो. आरती ध्वनिमुद्रणावर लागते. भजनी मंडळ बिदागी ठरवून बोलाविता येते. पंगतीचे काम केटररकडे जाते. या सोयी वाईट आहेत असे मुळीच नाही. भजन करणाऱ्या कलावंताला चार पैसे मिळाले तर आनंदच मानावा. राष्ट्रीय उत्पन्नातही त्यामुळे भरच पडते. पण घडते ते असे : पूजा होते, गाणे वाजते, जेवण येते; माणसे मात्र येत नाहीत. उत्पन्नाच्या आकड्यात वाढ म्हणून जे दिसते, ते येथे एका नुकसानीची भरपाई असते.

सोव्हिएत रशियाचा अनुभव

सामायिक सुटी मोडून काढण्याचा याहून कितीतरी मोठा प्रयोग यापूर्वी एकदा झालेला आहे. १९२९ साली सोव्हिएत रशियात यंत्रे अखंड चालावीत म्हणून अखंड कार्यसप्ताह सुरू करण्यात आला. कामगारांचे पाच गट पाडून चार दिवस काम व पाचव्या दिवशी सुटी अशी योजना झाली. प्रत्येक गटाचा दिवस निराळा. कागदावर कामगाराचा फायदाच झाला होता, कारण सुटी सात दिवसांऐवजी पाच दिवसांनी येऊ लागली. रविवार नाहीसा झाल्याने चर्चमधील उपासनेलाही आपोआप खीळ बसणार होती, आणि ते राज्यकर्त्यांना हवेच होते. पण पतीची सुटी एका दिवशी, पत्नीची दुसऱ्या आणि मुलांची तिसऱ्या, अशी अवस्था झाली. सुटीच्या दिवशी भेटायला कोणी नसेल तर ती सुटी कसली, अशा तक्रारी तेथील वृत्तपत्रांतही छापून आल्या. यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हाही गोंधळ झाला. १९३१ पासून योजना मागे घेत सर्वांना समान सुटीचा सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला, आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा व रविवार पूर्ववत झाले.

अनिर्बंध सत्ता हाती असलेल्या शासनालाही जे टिकविता आले नाही, ते आज बाजारपेठ कोणताही हुकूम न काढता साध्य करीत आहे. हुकूम निघाला असता तर विरोध झाला असता. येथे प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे ठरते, प्रत्येक जण आपापल्या पाळीशी जुळवून घेतो, आणि एकत्र तक्रार करण्यासाठी लागणारी मोकळी वेळही कोणाकडे एकत्र उरत नाही.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

या विचाराविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. रुग्णालये, रेल्वे, एस.टी., वीज, पाणी ही कामे रविवारी बंद ठेवता येत नाहीत, हा पहिला. तो निर्विवाद आहे. किंबहुना इतरांच्या सहवासाची किंमत काहींना आपल्या रविवारच्या रूपाने मोजावी लागते, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. पण परिचारिकेने रविवारी काम करणे आणि कपड्यांच्या दुकानातील विक्रेत्याने दर रविवारी काम करणे, या दोन्हींची निकड सारखी नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. दुकाने सातही दिवस उघडी राहिल्यास माणसे अधिक लागतात, विक्री वाढते. यात तथ्य आहे, परंतु मर्यादित. ग्राहकाच्या खिशातील पैसा सातव्या दिवशी आपोआप वाढत नाही. सहा दिवसांची खरेदी बऱ्याच अंशी सात दिवसांत विभागली जाते. शेजारचे दुकान उघडे राहते म्हणून आपले उघडे ठेवावे लागते, अशी छोट्या दुकानदाराची कोंडी होते. सर्वांनी मिळून एक दिवस बंद ठेवला तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही. पूर्वी निरनिराळ्या पेठांतील दुकाने ठरलेल्या वारी बंद असत, त्यामागे हाच शहाणपणा होता.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. रविवारची पंगत कोणाच्या श्रमावर बसते? पाहुणे आले म्हणजे घरातील स्त्रीची सुटी संपते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. भजनाला पुरुष बसणार आणि उसळीचे पातेले स्त्रिया ढवळणार, असा सहवास अर्धाच म्हणावा लागेल. मात्र या आक्षेपातून सामायिक सुटी नको असा निष्कर्ष निघत नाही. सगळे एकाच दिवशी घरी असले, तरच कामाची वाटणी होऊ शकते. पती मंगळवारी घरी आणि पत्नी शुक्रवारी, अशा संसारात वाटणी कशाची करणार?

काय करता येईल?

जुना रविवार जसाच्या तसा परत आणता येणार नाही, आणि तशी मागणी करणेही व्यवहार्य नाही. परंतु काही गोष्टी सहज शक्य आहेत. सातही दिवस चालणाऱ्या मोठ्या आस्थापनांत प्रत्येक कामगाराला महिन्यातून किमान दोन रविवार आळीपाळीने मिळतील, अशी अट घालता येईल. पाळ्यांचे वेळापत्रक किमान महिनाभर आधी जाहीर व्हावे. कारण आयत्या वेळी कळलेल्या सुटीत झोप काढता येते, तालीम ठरविता येत नाही. पती-पत्नी एकाच आस्थापनेत असल्यास त्यांची सुटी एकाच दिवशी असावी. शनिवार-रविवार सलग काम केल्यावरच मिळणाऱ्या जादा मोबदल्याच्या योजनांवर शासनाने मर्यादा घालावी. आणि दुकानांच्या बाबतीत एकेका बाजारपेठेने, व्यापारी व नोकर या दोघांच्या संमतीने, महिन्यातील निदान एक वार सर्वांसाठी बंद ठेवावा. तो रविवारच असला पाहिजे असे नाही. जेथे सोमवारची पालखी आहे तेथे सोमवार, जेथे गुरुवार रूढ आहे तेथे गुरुवार ठरवावा.

कामगार संघटनांनीही आपल्या मागण्यांच्या यादीत या प्रश्नाला जागा दिली पाहिजे. वेतनवाढीची मागणी आकड्यांत मांडता येते, म्हणून ती सोपी जाते. सहवासाची मागणी तशी मांडता येत नाही. १८८४ चे निवेदन करणाऱ्यांची मजुरी तुटपुंजी होती, कामाचे तास असह्य होते, अपघातांना भरपाई नव्हती. तरीही रविवार त्यांनी मागण्यांत आघाडीवर ठेवला. उपाशी माणसालाही देवाच्या दारात चार माणसांबरोबर बसण्याची भूक असते, हे त्यांना ठाऊक होते. ती भूक आजही शमलेली नाही, आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या वारी ताट वाढून ती शमणारही नाही.